पहाटेचा पहारा

सोमवार, ३ मार्च

१. बाबा काल संध्याकाळच्या बोटीने आले. एक पेटी, एक छत्री आणि स्वतःचा व्हॅक्युम क्लीनर.
२. आज पहाटे चारला त्यांनी तो सुरू केला.
३. मी खाली जाऊन बंद केला.
४. ते म्हणाले, "माझा पहारा सुरू झालाय."
५. मी म्हणाले, हे जहाज नाही, आणि तुम्ही कधीच निवृत्त झालात.
६. कॉफी घेतली.

जिन्यावरून पडल्यानंतर बाबांना बेटावर एकट्याने राहणं अशक्य होतं. ते घर विकलं. महिनाअखेर माझा भाऊ टोर्मोद त्यांना उत्तरेला, बुडोला नेईल – त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली घरं आहेत, एक रिकामं होतंय. तोवर माझ्याकडे. त्याने ठरवलं, मी मान डोलावली. निभेल.

बुधवार, ५ मार्च

वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. मी इमारतींतला आवाज मोजते, अहवाल घरी बसून लिहिते. तेव्हा घरात शांतता हवीच.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "झकास! पण यात झोपायचं कधी?"
"रात्री."
"ती नव्हे गं. जेवणानंतरची."
"मी दिवसा झोपत नाही."
"तुझी आईसुद्धा लग्नाआधी असंच म्हणायची!"

रविवार, ९ मार्च

टोर्मोदचा फोन. "आहात ना दोघं जिवंत? तुझ्या घरात शिंकायचं म्हटलं तरी आधी वेळ घ्यावी लागते." बाबा मागून ओरडले, "मिळालीय मला वेळ! मंगळवारची!"

मी हसले नाही. नंतर स्वयंपाकघरात हसले.

शुक्रवार, १४ मार्च

वेळापत्रक बदललं. पहिलं फक्त माझं होतं, म्हणून चालत नव्हतं. आता पहाट बाबांची – पावाची कणीक मळावी, बूट पुसावेत, यंत्र नको. संध्याकाळ माझी, ते लवकर झोपतात. दुपारची विश्रांती दोघांची.

आज कॉड मासा आणि बटाटे खाऊन ते सोफ्यावर आडवे झाले. मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. खाडीवर धुकं होतं, पलीकडचे डोंगर पुसून गेलेले. कुठेतरी बोटीचा भोंगा, इथे बाबांचा श्वास. दोन्ही सारखेच लांबचे वाटत होते. घर हळूच धक्क्यापासून सुटलं. खिडक्यांखालून पाणी जात होतं, आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि कुणालाच कसली घाई नव्हती –

जाग आली तेव्हा अंगावर लोकरीची शाल होती. पुस्तकाचं एक पानही उलटलं नव्हतं!

बुधवार, १९ मार्च

जहाजावर पहारा नुसता संपत नाही. पुढच्या माणसाच्या हाती सोपवावा लागतो. वारा, यंत्र, पाणी – सगळं सांगून.

तेव्हा रोज सकाळी जिन्याच्या पायथ्याशी: "वारा पश्चिमेचा. पाव फुगला. शेजारणीचं मांजर आपल्या पायरीवर, विनापरवाना. घर तुझ्या ताब्यात, सिग्ने."

मी "घेतलं" म्हणायचं असतं. पहिल्या दिवशी वेड्यासारखं वाटलं. आज त्यांनी सांगायच्या आधीच मी म्हणून टाकलं. बाबा रागावले! "आधी ऐकून घे, मग घे."

रात्री झोपायला जाताना मी त्यांच्या खोलीच्या दाराशी घर सोपवते. अहवाल पाठवला. भांडी झाली. दार लावलं. ते अर्धवट जागे होऊन गंभीरपणे ऐकतात.

रविवार, २३ मार्च

माझा नवरा आइविंद मला सोडून गेल्यापासून, म्हणजे दोन हिवाळे, मला अंधारातच जाग यायची. मग छताकडे बघत पडून राहायचं. हे कुणाला सांगितलं नाही.

आता बाबा खाली वावरत असतात आणि मी उजाडेपर्यंत झोपते. न पटणारी गोष्ट. म्हणून आवाजमापक लावून पाहिला. पहाटेचं घर पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त आवाजी आहे. चमचे, पावलं, गुणगुणणं. नियमाने मी जागी व्हायला हवी.

बाबांना आकडे दाखवले. त्यांनी पाहिलेही नाहीत. "अगं, खाली कुणीतरी जागं आहे म्हणून तर खलाशाला झोप लागते."

दुपारी दोघं परत झोपलो. खिडकीत बर्फ वितळून थेंब पडत होते, आणि स्वप्नात ते मोजायचे नव्हते.

मंगळवार, २५ मार्च

टोर्मोदचा फोन. बुडोचं घर मिळालं. होकार शुक्रवारी दुपारपर्यंत हवा.

मी जिन्यावर होते. बाबा फोनवर म्हणत होते, "शुक्रवारी कळव हो म्हणून. सिग्नेला तिचं घर परत हवंय. बोलत नाही, पण मला कळतं."

तेव्हाच आत जायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेला कप पुन्हा धुतला.

जेवताना त्यांनी विचारलं, "बुडो बरंच असेल, नाही?"
"हो," मी म्हणाले. इतक्या पटकन! त्यांनी बटाटा सोलायला घेतला. बराच वेळ तोच सोलत होते.

आज दोघांनाही झोप लागली नाही. डोळे मिटून पडून राहिलो, सभ्यपणे.

बुधवार, २६ मार्च

बाबा,

ही वही मी कुणाला दाखवत नाही. आज टेबलावर उघडी ठेवून झोपायला जाते आहे, म्हणजे पहाटे तुम्हाला दिसेल. मागची पानंही वाचा. काल मी "हो" म्हणाले ते खरं नव्हतं. बुडोला जाऊ नका. इथेच राहा. टोर्मोदला मी सांगेन.

तुमचं उत्तर मला उद्या, गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवं आहे. तोंडी चालेल.

सिग्ने