न उघडलेल्या कुलपाचा परवाना

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांना,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. (ती हल्ली अर्ध्यातच थांबते, उरलेला नमस्कार मनाने पोचला असं समजावं.) तुमचा खोकला आता कसा आहे? वहिनींचा रक्तदाब आटोक्यात असेल. गेले सोळा दिवस तुमच्याकडे राहत असलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, गुडघा काय म्हणतो? सहज विचारतो आहे. तिने माझा विषय काढला का, हेही सहजच. काढला असेल तर कोणत्या शब्दांत, ते नाही कळवलंत तरी चालेल. इकडे सगळं ठीक आहे. घर व्यवस्थित आहे. खिडकीतली झाडं हिरवीगार आहेत, निदान रस्त्यावरून तरी तशी दिसतात. पत्रावर तेलाचे डाग पडलेत त्याबद्दल माफी असावी, दुकानातल्या बाकावर बसून लिहितो आहे.

तर पत्रास कारण अभिमानाचं आहे. तुमचा मेहुणा आता सरकारमान्य कुलूपवाला झाला. परवाना क्रमांक सात, वर माझा फोटो, फोटोवर गोल शिक्का. (शिक्का नेमका नाकावर बसला आहे, पण अधिकार नाकावर असलेला बरा.) एकतीस वर्षं मी या गावातली कुलपं उघडतो आहे. दवाखान्याचं औषधांचं कपाट उघडलं, शाळेची घंटा ठेवायची खोली उघडली, एकदा तर बाथरूममध्ये अडकलेल्या खुद्द अग्निशमन दलाच्या प्रमुखाला बाहेर काढलं. तेव्हा कोणी परवाना विचारला नव्हता. आता नवा नियम आला की दुसऱ्याचं कुलूप उघडणाऱ्याने आधी परीक्षा द्यायची. मला हसू आलं. माझी परीक्षा? पोहणाऱ्याला बादलीत उतरवून बघण्यासारखंच झालं हे.

अर्जाला जन्मतारखेचा पुरावा हवा होता, आणि इथूनच सगळं बिनसलं. माझा शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या बहिणीच्या लोखंडी पेटीत असतो. ती पेटी ती लग्नात घेऊन आली. तिचं पितळी कुलूप तुमच्या वडिलांनी घेतलेलं, आणि किल्ली अठ्ठावीस वर्षं तिच्या कमरेच्या छल्ल्यात. ती गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. अर्ज द्यायची त्या दिवशी शेवटची तारीख होती. (खरं सांगायचं तर शेवटच्या तारखेला अजून चार दिवस होते. तुमच्याशी खोटं बोलवत नाही.) मी कुलूप उघडलं. आठ सेकंद. दाखला काढला, बाकी कशालाही हात लावला नाही, कुलूप पुन्हा लावलं, पेटी होती तशी सरकवली. कोणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. पण भाऊसाहेब, हाताची सवय वाईट. कुलूप आतून कोरडं ठणठणीत लागलं म्हणून मी त्यात दोन थेंब तेल सोडलं. दुसऱ्याच आठवड्यात तिने किल्ली फिरवली. अठ्ठावीस वर्षं करकरणारं कुलूप मुकाट्याने उघडलं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी दाखल्याचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, कुलपाच्या भल्यासाठीच केलं हेही सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मला का नाही विचारलंत?"

याला मी जे उत्तर दिलं ते तिने तुम्हाला सांगितलं असेलच. "आपल्याच घरात कसलं विचारायचं?" असं मी म्हणालो. वर असंही म्हणालो की मला विचारावं लागत नाही, मला येतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी आलो तर दाराला कुलूप, आणि फटीत चिठ्ठी. "भावाकडे जाते आहे. किल्ली नेते. तुम्हाला किल्ली कशाला लागते?" मीही इरेला पेटलो. कुलूप माझ्याच हातचं, तेव्हा आठ सेकंदांत घरात गेलो आणि त्या रात्री एकट्याने जेवताना माझं काय चुकलं ते शोधत बसलो. सापडलं नाही.

चौथ्या दिवशी परीक्षा होती. परवाना कचेरीत एका लांब टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या. चष्मा एवढा जाड की त्यांच्याकडे बघताना आपणच लहान झाल्यासारखं वाटावं. आम्ही दोघेच उमेदवार, मी आणि आमच्या कोपऱ्यावरचा छत्रीवाला. (हा छत्र्या दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात किल्ल्या बनवतो. त्याने बनवलेली किल्ली कुलपात जाते, पण बाहेर यायला नाखूश असते.) टेबलावर एक मोठं कुलूप ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, सुरू करा. मी अकरा सेकंदांत ते उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. नापास! मला वाटलं, चष्म्यातून त्यांना दिसलं नसावं. म्हणून मी कुलूप लावून पुन्हा उघडून दाखवलं, तर त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली.

छत्रीवाला मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. तो टेबलापाशी गेला, घाबरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, कोणाचं आहे हे? हात लावू ना? मोडलं तर मला नका बोलू." झाला पास! मी बाईंना विचारलं, कुलूप उघडता येतं की नाही हे न बघता परवाना कसा देता? त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "कुलूप उघडता चोरालाही येतं. तुम्हाला काय येतं ते तुमच्या हातात आहे. परवाना त्यासाठी नसतो. लोक तुम्हाला दाराशी उभं करून निर्धास्त राहू शकतात का, त्यासाठी असतो." पुढची तारीख तीन दिवसांनी मिळाली. ते तीन दिवस मी आठ सेकंदांत घरात जात होतो आणि प्रत्येक वेळी ते सेकंद जास्त लांबत होते. (तुम्ही पस्तीस वर्षं पोस्टमास्तर होतात. लोकांची बंद पाकिटं तुमच्या हातून गेली आणि एकही तुम्ही उजेडात धरून बघितलं नाहीत, हे बायकोने मला अनेकदा ऐकवलं आहे. उघडायला काय लागतं, असंच मला तेव्हा वाटायचं.)

दुसऱ्या खेपेला मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि आधी विचारलं, कुलूप कोणाचं? बाई म्हणाल्या, समोरच्या खोलीतल्या साहेबांचं. गेलो. साहेब चहा पीत होते. मी विचारलं, आपलं कुलूप उघडू का? ते म्हणाले, नको. मी म्हणालो, साहेब, माझी परीक्षा आहे. ते म्हणाले, असेल, पण नको. भाऊसाहेब, माझे हात नुसते शिवशिवत होते. तसला खटका मी झोपेत उघडतो. पण परत आलो, पिशवी उचलली आणि बाईंना सांगितलं की मालक नको म्हणतात, मी निघतो. त्यांनी चष्मा काढला, पहिल्यांदाच हसल्या आणि शिक्का उचलला. कुलपाला हातही न लावता पास झालेला कुलूपवाला तुमच्या नात्यात आहे, हे चारचौघांत अवश्य सांगा. मला फार अभिमान वाटतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

वहिनींना नमस्कार. खोकल्यासाठी गरम पाणी पीत जा.

तुमचा,
परवानाधारक मेहुणा

ता. क. परवान्याची नक्कल सोबत जोडली आहे. तिसरं कलम मोठ्याने वाचावं, शक्यतो बहीण ज्या खोलीत असेल तिच्या दाराशी उभं राहून: "धारकाने मालकाची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय कोणतेही कुलूप उघडू नये, मालक व धारक यांचे नाते काहीही असो." नाते काहीही असो, हे शब्द दोनदा वाचलेत तरी हरकत नाही.

ता. क. दुसरा. घर व्यवस्थित आहे असं वर लिहिलं ते बाहेरून बघून. घर तिच्या नावावर आहे (तुमच्याच सल्ल्याने केलं, आणि सल्ला चांगलाच होता). परवाना खिशात घालून त्या संध्याकाळी दाराशी आलो आणि हत्यार काढायला हातच उठेना. आज नऊ दिवस दुकानात राहतो आहे. अंगावर परीक्षेचाच सदरा आहे. छत्रीवाला रोज डबा आणून देतो, आणि देण्याआधी विचारतो, "देऊ ना?" त्याला पास का केलं ते आता कळतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं एवढ्यासाठीच. मी शनिवारी तिला न्यायला येऊ का, एवढं तिला विचाराल? उत्तर तिचं हवं, तुमचं नको. मला येतं म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काही विचारलंच नाही, माझं चुकलं, हेही सांगा. ती नको म्हणाली तर तसं कळवा, पिशवी उचलून निघायचं मला आता येतं, पण तसं पास व्हायची हौस एकदाच पुरे झाली. आणि हो म्हणाली तर किल्ली तिच्याच छल्ल्यात राहू दे. दार तिने उघडावं. मी पायरीखाली उभा राहीन.