पल्याडची येळवस

कलबुर्गी, २२ डिसेंबर २०२४

चि. सौ. राजूबाईस अंबाजीअण्णाचे अ. उ. आ.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, म्हणून मुक्काम लेकीकडे. पत्रही तीच लिहिते आहे. फोनवर आपले आवाज चढतात आणि तू फोन ठेवतेस.

तुमच्या मेहकरच्या काठाला पूर अडवायला दगड बसणार आणि पल्याड आमच्या काठाला काहीच नाही, हे खरं का? मग मांजरेचं पाणी तुमच्या दगडावर आपटून माझ्या रानात घुसेल. मागच्या पुरात विहिरीपर्यंत काठ ढासळलाय. तुम्ही भालकी तालुका, आम्ही औराद. पुढारी दोन, म्हणून नदीही दोन झाल्या का? ठराव मांडणारे पंचायत मेंबर म्हणजे तुझेच यजमान! दर वेळ अमावास्येला तुमच्या रानात जेवायला बोलावतेस, यंदा येळवसचं आवतनही नाही. माहेर बुडवून झोप येते का, कळव.

राग आहे, तरी माया आहेच.
तुझा अण्णा

मेहकर, ६ जानेवारी २०२५

ती. अण्णांस राजूबाईचा शि. सा. न. वि. वि.

एवढा संशय? आवतन धाडलं नाही, कारण जेवण तुझ्याच रानात होतं!

येळवसला घरी कोण जेवतं? आम्ही बायकांनी भज्जी आणि आंबिलीची मडकी डोक्यावर घेतली, बंधाऱ्यावरून पल्याड गेलो आणि तुझ्या विहिरीजवळ पूजेसाठी कडब्याची कोप उभारली. गडीमाणसं आमच्या रानात उपाशी. दुपारी ओरडत आली. हे म्हणाले, कामून असं करायलीस म्हणून. मी म्हटलं, जेवायचं तर इथंच, या तुटक्या काठाला बसून. बसले! आंबील पिऊन झाल्यावर गावात सगळ्यांत वडील असलेल्या चन्नम्मा अक्कांनी सुनावलं की, ज्याच्या रानात येळवस जेवलो त्याचं वाईट करायचं न्हाई.

काल ग्रामसभेत ह्यांनीच ठराव फिरवला: दोन्ही काठ, नाहीतर एकही नाही. आमच्याकडचे पुढारी भडकले. पल्याड आपली मतं नाहीत, हट्ट धराल तर दगड दुसऱ्या गावाला देतो म्हणाले.

तब्येतीला जप. राग सोड.
राजू

कलबुर्गी, १२ जानेवारी

चि. राजूस आशीर्वाद.

चुकलो, पोरी. पण आता हट्ट सोड. माझं रान जाऊ दे. दगड घ्या, तुमचा काठ तरी वाचवा.

अण्णा

मेहकर, १८ जानेवारी

ती. अण्णांस सा. न.

तुझं ऐकणार न्हाई. ठराव धुडकावून पुढाऱ्यांनी काल दगडाच्या गाड्या धाडल्याच. फक्त आमच्या काठासाठी. हे पहिल्या गाडीपुढे आडवे झाले, मागे अख्खं गाव. गाड्या परत गेल्या. पावसाळ्यात आमचंही रान जाईल, हे कळतं मला. भीतीही वाटते. पण तुझ्या रानावर पाणी ढकलून पिकवलेली भाकर माझ्या घशाखाली उतरणार न्हाई.

सोमवारी दोन्ही काठची माणसं बीदरला जिल्हा कचेरीपुढे धरणं धरून बसणार आहेत. तुझी जागा धरून ठेवते.

तुझी भांडखोर बहीण,
राजू