डाव्या तळहातावर

अव्वा, तुझी धाकटी लेक वाचली. आधी हेच सांगतो, मग बाकीचं. सोलापूरला तिचं ऑपरेशन झालं, डोक्यातला गुंता निघाला आणि आता ती मुरुमच्या घरात, तुझ्या चुलीच्या जागी झालेल्या ओट्याशी उभी राहून मलाच दटावते, भाकरी नीट चावून खा म्हणून. आणि तो गुंता सापडला धाराशिवात, मी चालवतो त्या एमआरआय मशीनवर. एवढी फुशारकी तुझ्याशिवाय कुणापुढं मारू?

तिचंही डोकं तुझ्यासारखंच ठणकायचं. तू कपाळाला फडकं आवळून चुलीपुढं बसायचीस, सगळे पित्त म्हणायचे, आणि एका सकाळी तू तिथंच कलंडलीस. तुला नेमकं काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही. धाकटीचं मात्र मला कळून घ्यायचंच होतं. पण मशीनमध्ये धातू चालत नाही, आणि ती गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढेना. "अव्वानं सांगितलंय, लिंग अंगावेगळं करायचं न्हाय." कशीबशी काढली, तर आत तिचा हात सारखा छातीशी चाचपडायचा, डोकं हलायचं, चित्र गढूळ यायचं. गढूळ चित्रात नेमकं हवं तेच निसटतं.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आंघोळ झाली की तू आम्हा दोघांना बसवतेस, डाव्या तळहातावर लिंग ठेवतेस. माझ्या नाकावर माशी बसते, मी वळवळतो. "सुम्म कूड!" गप बसवायचं असलं की तू कानडीत शिरतेस. "माशी बघ, तुझ्यापरीस शहानी हाय. एका जागी बसलीया." मी डबीतून लिंग काढलं, लोहचुंबकानं तपासलं, चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि सुती फडक्यात गुंडाळून धाकटीच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "आता पूजेला बसलीस असं समज," म्हटलं. मशीन धडधडत राहिलं, ही जागची हलली नाही. चित्र असं स्वच्छ उतरलं की डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पुढं आल्या. मेंदूच्या उजव्या बाजूला काळ्या नळ्यांचा झुपका. जोरात वाहणारं रक्त या चित्रात काळं दिसतं. ते बारीक वाटांनी न जाता थेट कोवळ्या शिरेत घुसत होतं. शीर कधीही फुटली असती. "वेळेत सापडलं," बाई म्हणाल्या. मी तिथंच टाळी वाजवली.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. शेवटचं चित्र निघत होतं. काचेतून धाकटीचा तळहात दिसत होता. आपल्या रीतीनं तुला बसवून माती दिली तेव्हा तुझ्याही तळहातावर असंच लिंग होतं, आणि तूही अशीच हलत नव्हतीस. मला राहवलं नाही. माईकवरून म्हणालो, "बोट हलव गं जरा." आतून थेट तुझ्या आवाजात उत्तर आलं, "सुम्म कूड!" ते चित्र बिघडलं, पुन्हा काढावं लागलं. बिघडलेलं चित्र पुसून टाकायचं असतं. मी ते पुसलेलं नाही, अव्वा. हे पत्रही तसंच, कुठं न टाकता ठेवून देतो.