तिसऱ्या मजल्यावरचा पट्टा

बाबा, काल तळमजल्यावरच्या काकू त्यांच्या नातीला घेऊन वर आल्या, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. आठवण आली म्हणून नाही.

आपली इमारत तेव्हा नवी होती. बाकीच्यांचे वडील मुंबईला नोकरीला, ते परतेपर्यंत मुलं झोपलेली असत. तुम्ही मात्र गोखिवऱ्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून दुपारीच घरी. मग ज्या आईला आपलं मूल आवरत नसे, ती त्याला दंडाला धरून तिसऱ्या मजल्यावर आणायची. "भावोजी, जरा बघा ह्याच्याकडे." तुम्ही आधी चहा संपवायचात. घाई कधी केली नाहीत. मग खुंटीवरून मशीनचा जुना पट्टा काढायचात आणि मला म्हणायचात, "खिडकी लाव." ते माझं काम. मला तुम्ही फारसं मारलं नाहीत, गरजच पडली नाही. लोक म्हणायचे, काय शिस्तीची मुलगी आहे.

काकूंची मुलगी माझ्या वर्गात होती, माझी एकुलती एक मैत्रीण. क्लास बुडवून ती अर्नाळ्याला समुद्रावर गेली आणि कोणीतरी पाहिलं. आत्ताही मला दिसतं, ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, पायांना वाळू तशीच. तुम्ही विचारता, "कुठल्या पायाने गेलीस?" आणि स्वतःच हसता. ती माझ्याकडे बघते. मी खिडकीची कडी घालते. ती रडली नाही, म्हणून तुम्ही थांबला नाहीत. संध्याकाळी काकूंकडून झाकलेल्या ताटलीत तळलेले बोंबील आले. प्रत्येक वेळी कोणाकडून तरी काहीतरी यायचंच. "खा, गरम आहेत," तुम्ही म्हणालात, आणि चवीने खाल्लेत. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आली नाही, आणि मला ते योग्य वाटलं. बाकी सगळे सांगत होते की तुमच्यामुळे इमारतीतली मुलं मार्गाला लागली. मी मान डोलावत होते. दुसऱ्या दिवशी पट्टा कचऱ्यात टाकला.

काल आली ती तिचीच मुलगी. आईची नोकरी लांब, म्हणून आजीकडे राहते. काकू म्हणाल्या, "खोटं बोलते गं सारखी. तू त्यांचीच लेक ना? दे जरा दम. पट्टा असेल की अजून." मुलगी माझ्या हातांकडे बघत होती.

मी म्हटलं, "काकू, ते या घरात आता होणार नाही. तुम्हीही तिच्यावर हात उचलू नका."

काकू हसल्या. "आता शहाणी झालीस. तेव्हा खिडकी कोण लावायचं?"

त्या तिला घेऊन खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून आवाज आला. मग पुन्हा आला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मी गॅस बंद केला, दारापर्यंत गेले, परत आले आणि खिडकी लावून घेतली.