बारा बोअर आणि अनंताची फुलं

शुगर लँड, टेक्सस
१६ मार्च २०२५

ती. संघमित्राताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ॲन आर्बरला अजून बर्फ आहे आणि तू सायकल गुंडाळून बसने लॅबला जातेस हे वाचून सरलाने खिडकीबाहेर बघितलं आणि एसी आणखी थोडा वाढवला. बाबा मजेत आहेत. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं वजन वाढलंय. याचं श्रेय सरला घेते आणि मी घेऊ देतो. फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही, म्हणून तुलाही पत्रच लिहिणार म्हणत होते. आपल्या या हेडमास्तर बाबांनी आपल्याला हॉस्टेलवर लावलेली पत्रांची शिस्त काही सुटत नाही बघ.

आता बातमी, आणि आधीच सांगतो, ओरडू नकोस. मी बंदूक घेतली.

महिनाभर झाला, आमच्या गल्लीत पहाटे एक माणूस फिरतो. काळं जॅकेट, डोक्यावर हूड ओढलेलं, हातात पिशवी. लोकांच्या घरांच्या बाजूला वाकून काहीतरी करतो आणि निघून जातो. समोरच्या राजीवच्या कॅमेऱ्यात दोनदा सापडला, पण पाठमोराच. राजीव हैदराबादचा, घरात लहान मुली, त्याची तर झोपच उडाली. ती क्लिप गल्लीच्या ग्रुपवर मीच टाकली आणि खाली ‘चोर’ असं ठळक लिहिलं. क्लबहाउसातल्या मीटिंगमध्येही पहिला मीच बोललो. इतकी वर्षं इथे तोंड बंद ठेवून राहिलो, पण त्या दिवशी सगळे माझं ऐकत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर काल मी आणि राजीव नेमबाजीच्या रेंजवर गेलो. बारा बोअरची पंप-ॲक्शन. एक गोळी झाली की पुढची मूठ मागे ओढायची, पुन्हा पुढे ढकलायची, मग दुसरी. मला वाटलं होतं सोपं असेल. पहिल्याच बाराला दस्ता खांद्यावर असा आदळला की मी दोन पावलं मागे गेलो. दस्ता माझ्या हाताला लांबही पडतो, इथल्या उंच माणसांच्या मापाचा. दुसऱ्या वेळी मूठ अर्धीच ओढली आणि काडतूस आत अडकलं. शिकवणारा म्हातारा म्हणाला की नवी बंदूक आहे, लाजत लाजत ओढू नकोस, झटका दे. झटका दिला आणि जमलं. मग मी राजीवलाही तेच शिकवलं. समोर कागदावर माणसाची आकृती होती. तिच्या छातीत एवढं मोठं भगदाड पडलं की आम्ही आधी बंदूक खाली ठेवली. नंतर मात्र मजा आली. बंदुकीच्या दारूचा वास आज अंघोळ करूनही नाकातून गेलेला नाही आणि खांदा निळा झालाय.

दुकानदाराने सांगितलं की झाडायची वेळ येतच नाही. मूठ ओढल्याचा तो खटाक-खटाक आवाज ऐकला की चोर आपोआप पळतो. सरला याच अटीवर राजी झाली.

बाबांना चोराचं, बंदुकीचं, काहीच सांगितलेलं नाही. उगाच घाबरतील. तूही लिहू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भानू


शुगर लँड
२५ मार्च २०२५

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

येथे सर्व क्षेम. भानू आणि सरला माझी फार काळजी घेतात, इतकी की मला काही कामच उरत नाही. घर मोठे आहे, हिरवळ आहे, पण फुलाचे एक झाड नाही. सरला सांगते, हिरवळ कापायला माणूस येतो त्याला झाडांची अडचण होते. मी आल्यावर बुद्धवंदनेसाठी भानूने दुकानातून प्लॅस्टिकात गुंडाळलेली फुले आणली. ती आठ-आठ दिवस तशीच राहतात. तू जाणतेस, आपण बुद्धापुढे फूल ठेवतो ते कोमेजते म्हणूनच; ते पाहून आपल्या देहाचे स्मरण व्हावे. जे कोमेजत नाही ते ठेवून काय साधणार?

म्हणून मी उपाय शोधला आहे. नागपूरला कॉलनीत जसा जायचो तसा पहाटे जातो. दोघे झोपलेले असतात. बाजूच्या दाराने निघतो, दारामागे भानूचे काळे जॅकेट टांगलेले असते ते चढवतो, कारण गारवा कानात शिरतो. आपला नियम तुला ठाऊक आहे, कुंपणाबाहेर आलेली फुलेच तोडायची. इथे कुंपणच नाही, त्यामुळे सगळीच बाहेर आली असे मी धरून चालतो. गुलाबी, पांढरी, नाव न माहीत असलेली पुष्कळ फुले आहेत. समोरच्या घराच्या भिंतीला तर अनंताचे झाड आहे! कळ्या धरल्या आहेत. फुलायला वैशाख उजाडेल.

लहानपणी मी पाटलाच्या मळ्यातली शेवंती तोडली तेव्हा काय झाले ते तुला सांगितलेच आहे. त्यामुळे कुणी न हटकता फूल तोडता येणे हे मला अजूनही मोठे वाटते. भानूला यातले सांगू नकोस. तो विचारतो फुले कुठून आणली, मी म्हणतो मागच्या अंगणातून. तो आपल्या अंगणात कधी जातच नाही.

प्रकृतीस जप. उत्तर सावकाश दिलेस तरी चालेल, पण सविस्तर दे.

तुझे बाबा


ॲन आर्बर, मिशिगन
२ एप्रिल २०२५

चि. भानू यास,
अ. आ. जय भीम.

काल बाबांचं पत्र हातात पडल्या पडल्या तुला फोन केला. तू हसलास. पाच मिनिटं हसत होतास आणि मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. मला हसू आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गल्लीभर तू ज्याला चोर म्हणून दाखवलंस तो आपला बाप आहे. तुझ्या घरात राहतो, तुझं जॅकेट घालतो. तू त्याला ओळखला नाहीस, मग परक्या माणसाने कसा ओळखावा? आणि त्या परक्या माणसाला बंदूक धरायला तू शिकवलंस.

तो आवाज ऐकला की चोर पळतो, असं तू मोठ्या कौतुकाने लिहिलंस. ज्याला ऐकू येतं तो पळतो रे. बाबा वंदना होईपर्यंत कानात मशीन घालत नाहीत. मागून कुणी ओरडलं, बंदूक ओढली, थांब म्हटलं, तरी ते शांतपणे पुढचं फूल तोडतील.

माझं ऐक. बाबांना खरं कारण सांग. आणि आजच्या आज ग्रुपवर लिही की तो माणूस माझे वडील आहेत. एका ओळीचं काम आहे. तुझी बंदूक तू कुलपात ठेवशील, पण बाकीच्यांची कोण ठेवणार?

सरलाला आशीर्वाद. तिला हे पत्र वाचायला दे.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


शुगर लँड
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. जयंतीच्या कार्यक्रमाची धावपळ होती. ह्यूस्टनच्या हॉलमध्ये बाबांचं भाषण झालं, विषय स्वाभिमान. एक कागद हातात नव्हता. शेवटी सगळे उभे राहिले. मी पहिल्या रांगेत होतो आणि छाती फुगली होती.

बंदूक कुलपात आहे, किल्ली सरलाकडे. बाबांचं पहाटेचं फिरणं बंद झालंय. मी त्यांना सांगितलं की उन्हाळ्यात इथे गवतात विषारी साप निघतात. ते बरं म्हणाले. त्यानंतर गल्लीत कुणाला कुणी दिसलेलं नाही.

ग्रुपवर मात्र अजून लिहिलेलं नाही. सरलाही माझ्या मागे लागलीय. ताई, तू विद्यापीठाच्या गावात राहतेस, तुला इथलं कळणार नाही. त्या क्लिपखाली लोकांनी काय काय लिहिलंय! असल्यांना परत पाठवा, हात मोडा, गोळी घाला. मी त्यावर लाइकचे अंगठे दिलेत. आता तिथे जाऊन कोणत्या तोंडाने सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. इतकी वर्षं मी कचऱ्याचा डबासुद्धा वेळेच्या आधी बाहेर ठेवलेला नाही, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आणि आता म्हणू की आमचे वडील तुमच्या अंगणात शिरून फुलं चोरतात?

प्रकरण थंड झालंय. लोक विसरतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. राजीवने मागच्या आठवड्यात माझ्यासारखीच बंदूक घेतली, पण तीही अशीच पडून राहील.

खांदा बरा झाला. तुझी माया आहे तशीच राहू दे.

भानू


शुगर लँड
८ मे २०२५

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझे पत्र मिळाले. त्यात तू मला पहाटे घराबाहेर जाऊ नका असे तीनदा लिहिले आहेस आणि कारण भानूला विचारा म्हटले आहेस. विचारले. तो म्हणाला साप. बाई, मी ज्या गावात वाढलो तिथे सापांच्या शेजारी झोपलो आहे. तुम्ही दोघे मिळून म्हाताऱ्याला लहान मुलासारखे भिववता, हे मला समजते. प्रेमापोटी आहे हेही समजते. म्हणून इतके दिवस ऐकले.

पण सोमवारी वैशाख पौर्णिमा आहे. तुझी आई असती तर आदल्या दिवशीच पांढरी वस्त्रे धुऊन ठेवली असती. समोरचा अनंत आता पूर्ण फुलला आहे, वास आमच्या खिडकीपर्यंत येतो. त्या दिवशी प्लॅस्टिकातली फुले बुद्धापुढे ठेवणे माझ्याने होणार नाही. एवढा एकच दिवस जाईन, मग पुन्हा जाणार नाही, हा माझा शब्द. राजीव भला माणूस आहे, दिसला की हात हलवतो. त्याला विचारले असते तर त्याने नाही म्हटले नसते, पण पहाटे कुणाची झोप मोडायची?

पौर्णिमेला तूही खीर करावीस. आणि असेच मनमोकळे लिहीत जावे.

तुझे बाबा


शुगर लँड
१५ मे २०२५

ती. ताईस,
जय भीम.

बाबांचं पत्र तुला मंगळवारी मिळालं आणि फोनवर तू फक्त जिवंत आहेत ना एवढंच विचारलंस. हो, एक ओरखडाही नाही. पण काय झालं ते मी फोनवर सांगू शकलो नाही.

सोमवारी पहाटे फोन वाजला. ग्रुपवर राजीवचा मेसेज होता की तो माणूस परत आलाय, माझ्या भिंतीशी आहे, मी बाहेर जातोय. मी बाबांच्या खोलीत डोकावलो. चादरीची घडी घातलेली होती आणि कानाचं मशीन डबीत होतं. मी अनवाणी पळालो.

राजीव हिरवळीवर उभा होता. दस्ता खांद्यात घट्ट, पाय फाकलेले, मी रेंजवर दाखवलं होतं अगदी तसे. तो इंग्रजीत ओरडत होता, हात वर कर, वळ. बाबा पाठमोरे, हूड ओढलेलं, अनंताच्या झाडात वाकलेले. राजीवने मूठ ओढली. लाजत लाजत नाही, झटका देऊन. बाबांनी आणखी एक फूल तोडलं. ताई, मी रस्त्याच्या मध्यावर होतो. जे एवढे दिवस लिहिलं नाही ते शेवटी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोराने ओरडलो, की ते माझे वडील आहेत. आणि मध्ये जाऊन उभा राहिलो.

राजीवने बंदूक गवतावर ठेवली आणि तिथेच बसला. बाबा तेव्हा वळले. आम्हा दोघांना बघून आधी हसले, राजीवला गुड मॉर्निंग म्हणाले, पिशवी उघडून त्याला फुलं दाखवली. मग त्यांची नजर बंदुकीवर गेली.

घरी येऊन त्यांनी मशीन लावलं, वंदना केली, पूर्ण केली. मग मला समोर बसवून सगळं विचारलं. मी क्लिप दाखवली. चष्मा लावून त्यांनी माझा शब्द वाचला, खालचंही एकेक वाचलं. तुला कधी कळलं विचारलं. मी म्हणालो, एप्रिलच्या सुरुवातीला. मग का सांगितलं नाहीस, म्हणाले. मी म्हणालो, लाज वाटली.

“माझी?” त्यांनी विचारलं.

मी फोन पालथा ठेवला. सरला रडत आत गेली.

मग त्यांनी जयंतीला घातलेला कोट घातला आणि मला बरोबर चल म्हणाले. ताई, ते घराघराची बेल वाजवत गेले. प्रत्येक दारात तेच, आपल्या शाळेतल्या इंग्रजीत: “मी मनोहर गजभिये, निवृत्त मुख्याध्यापक. तुमचा चोर मी. तुमची फुलं न विचारता घेतली, क्षमा करा.” मी शेजारी खाली मान घालून उभा. कुणी हसलं, कुणी माफी मागितली. मिसेस डेलगाडोने त्यांना मिठी मारली आणि गुलाबाचं झाडच उपटून देते म्हणाली. मी ज्यांना घाबरत होतो ती माणसं हीच होती. राजीव मात्र दार उघडून त्यांच्या पायांशी बसला, उठेचना.

त्यानंतर बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत. जेवतात, बोलतात, बातम्या बघतात. बंदूक मी दुकानात परत देऊन आलो तेही त्यांना सांगितलं, मान हलवली. काल रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाले की तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते का बघ. मी विचारलं, ताईकडे जायचंय का? नाही म्हणाले, नागपूर.

लोभ असावा असं दर वेळी सहज लिहायचो. आज मागतो आहे.

भानू