कोऱ्या रजिस्टरवर सही नाही

पुणे, १२ डिसेंबर २००६

प्रिय आईले मैत्रेयीचा मनापासून जय भीम.

मी बरी आहो. मेसचं जेवण आता सवयीचं झालं, काळजी करू नको.

काल वर्गात सर शिकवून राह्यले होते. तीनशे वर्षांआधी युरोपातले राजे म्हणत, आम्हाले देवानं नेमलं. मंग काही विचारवंतायनं सांगितलं, राज्य लोकायच्या संमतीनं चालते. संमती नाही, तं अधिकारबी नाही. सरांनी आजचं उदाहरण मागितलं.

माह्या बोलीवर पोरं हासतात, म्हणून मी वर्गात बोलत नाही. काल मात्र उठली. सांगितलं, औंदा लाल्या रोगानं कापूस गेला. दिवाळीत मी घरी होती, तवा ग्रामसभेत सरपंचानं नुकसानीच्या ठरावासाठी कोऱ्या रजिस्टरवर सह्या मागितल्या. माही आई उभी राहून म्हणे, "आधी लिहा, वाचून दाखवा, मंग माही सही." बाकी बायायनंबी पेन खाली ठेवले. शेवटी ठराव लिहून, वाचून दाखवला, तवाच सह्या झाल्या.

कोणी हासलं नाही. सर म्हणाले, "संमती म्हणजे काय, हे मला यापेक्षा सोपं सांगता येणार नाही."

तवापासून गावात कोणी तुले त्रास तं देऊन नाही राह्यलं? खरं लिहिजो. बाबाचा खोकला कसा आहे?

सरांनी तुह्यं वाक्य फळ्यावर लिहिलं अन् तुह्यं नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. साऱ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं.

तुही लेक,
मैत्रेयी