आत्याबाई, तुमचे गुडघे कधी दुखतच नव्हते

प्रिय आत्याबाई,

अकोल्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून हे लिहून राहिली आहे. आत खाटेवर तुमची लेक सुशीला पडली आहे. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं तुम्ही. तुमच्या वेळी हे शब्द आम्हाला ऐकायला मिळाले नाहीत, म्हणून आज ते ऐकले आणि आधी तुमचीच आठवण आली. तुमचा लेक लोकोशेडमधून सुटला की संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून येईल. तोवर मी बोलू कोणाशी?

तुम्ही मला पत्ते शिकवले नसते तर सुशीला अजून बाळापुरात चुलीपाशीच बसून असती. खोटं वाटतं का?

मी लग्न होऊन बडनेऱ्याला तुमच्या रेल्वे क्वार्टरात आले तेव्हा मला फक्त गुलामचोर यायचा. तुम्ही कपाळावर हात मारला होता. मॅट्रिक झालेली सून, आणि तीन पत्ती येत नाही! दीक्षा घेऊन नागपूरहून पांढऱ्या लुगड्यात परतलेल्या तुम्ही, रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या, आणि दुपारी पत्ते पिसणाऱ्या. मी एकदा भीतभीत विचारलं तर म्हणालात, "चिंचोक्यानं खेळलं त जुगार नाई होत." विषय संपला.

तीन तीन पानं वाटायची. खेळायचं असेल तर चिंचोके पुढे टाकायचे, नसेल तर पानं टाकायची. एवढं तर मी एका दुपारी शिकले. शिकायला वेळ लागला तो पुढचा भाग. मला चांगली पानं आली की मी मूठभर चिंचोके पुढे लोटायची, आणि साऱ्या बाया पटापट पानं टाकून मोकळ्या व्हायच्या. तीन एक्के हातात आणि पदरात चार चिंचोके! तुम्ही म्हणायच्या, "चांगलं पान आलं त वाईट आल्यासारखं बस. लोकायले येऊ दे तुयाजवळ."

तुम्ही कशा बसायच्या ते तर मी डोळे मिटून सांगते. भारी पानं आली की तुमचे गुडघे दुखायला लागायचे. "माय वं, हे गुडघे," म्हणत पाय लांब करायचे, कोणाला तरी चहा ठेवायला सांगायचं, आणि नाइलाज असल्यासारखा एकेक चिंचोका पुढे सरकवायचा. समोरच्या बाईला वाटायचं, म्हातारी कंटाळली. तिचा ढीग संपला की मग तुम्ही पानं उलटी करायच्या.

मी उलटी. हातात काहीच नसलं की माझी पाठ ताठ व्हायची आणि चिंचोके भराभर पुढे जायचे. तुम्ही हसायच्या, "पोलीसपाटलावानी बसू नको वं. साऱ्या खोलीले समजते तुयाजवळ काई नाई."

मग ते वर्ष आलं. अमरावतीच्या ट्रेनिंगमध्ये मला जागा मिळाली होती. मास्तरीण व्हायचं होतं मला. तुम्ही एका शब्दात नाही म्हणालात. लेकरू दीड वर्षाचं, बाईनं रोज उठून गाडीनं जायचं का, भाकरी कोणी टाकायची? विहारात बायांपुढे उभं राहून पोरी शिकवा म्हणणाऱ्या तुम्हीच ना? मला फार लागलं ते. पण मी काही बोलले नाही. मान खाली घालून भांडी घासत राहिले. मनात मात्र ठरवलं होतं की अकोल्याहून भावाला बोलावून घ्यायचं आणि त्याच्याबरोबर निघून जायचं.

त्याच महिन्यात क्वार्टरातल्या बायांची पत्त्यांची स्पर्धा होती. रेल्वेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. सगळ्यांना सारखे चिंचोके, जिचे संपले ती उठली. दर वर्षी तुम्हीच जिंकायच्या. त्या वर्षी चहाच्या वेळेपर्यंत सतरंजीवर दोघीच उरलो, तुम्ही आणि मी. भोवती बाया दाटीवाटीनं बसल्या. सासू-सुनेचा खेळ कोण सोडतं?

मी पानं उचलली. तीन राण्या.

आता काय करायचं? तुम्ही शिकवलं तसं मरगळून बसले असते तर तुम्ही क्षणात ओळखलं असतं. ते सोंग तुमचंच होतं ना. भरपूर चिंचोके लोटून गप्प बसले असते तरी ओळखलं असतं. मग मी पाठ ताठ केली. अगदी पोलीसपाटलासारखी. चिंचोके भराभर पुढे टाकले, तुमच्या डोळ्यांत बघून. तुमच्या ओठाच्या कडेला हसू आलं ते मी पाहिलं. तुम्हाला वाटलं, पोरीजवळ काही नाही, जुनी खोड अजून जात नाही हिची. तुम्ही गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. सरळ खेळलात, आणि शेवटी सगळा ढीग पुढे सारलात.

तुमच्याजवळ बदामाचे एक्का, दुर्री, तिर्री. अशी पानं वर्षातून एखाद्या वेळी येतात, आणि त्यांच्यावर फक्त तीन सारखी पानं चालतात. मी तीन राण्या उलट्या केल्या.

तुम्ही राण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लुगडं झटकून उठलात. रुळांच्या कडेनं घरापर्यंत तुम्ही पुढे, मी मागे.

दुसऱ्या दिवशी आपण ज्वारी निवडत बसलो होतो. तुम्ही सुपातून नजर न काढता विचारलंत, "शांते, घरात बी तू असंच खेळून राहिली का?"

खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "हो. मी ट्रेनिंगले जाणार आहे. तुम्ही नाही म्हटलं तरी जाणार आहे."

मला वाटलं, आता सूप अंगावर येतं. तुम्ही सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकलात. मग म्हणालात, "मंग बोलत काहून नाई? पत्त्यात लपव. घरात लपवू नको. घरातल्या मानसाचा डाव कोनाले जिंकायचा असते?"

संध्याकाळी तुम्ही लेकाला सांगून टाकलं, शांता अमरावतीला जाईल, लेकरू मी पाहीन. त्यांनी तोंड उघडलं तर म्हणालात की तुला भाकरीचीच काळजी असेल तर पीठ मळायला ये. दोन वर्षं मी त्या गाडीनं गेले. परत आले की लेकरू तुमच्या मांडीवर झोपलेलं असायचं.

आणि मग तुम्ही काय केलंत, आत्याबाई? मला घरात लपवू नको म्हणणाऱ्या तुम्ही?

माझ्या ट्रेनिंगच्या शेवटच्या उन्हाळ्यात तुमचे गुडघे फार दुखायचे. उठताना गुडघे, बसताना गुडघे. मी तेल गरम करून चोळायची. तुम्ही चोळू दिलंत! दुखत पोट होतं, आणि मी गुडघ्यांना तेल लावत होते. शेवटी उभं राहवेना तेव्हा दवाखान्यात नेलं, तर फार उशीर झाला होता. मी विचारलं, का नाही बोललात? तुम्ही म्हणालात, "तुई परीक्षा होती." माझी परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा आली असती. परीक्षा दर वर्षी येते, आत्याबाई. श्रावणात तुम्ही गेलात, आणि माझा पास झाल्याचा निकाल मी कोणाला दाखवावा हे मला कळलं नाही. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमच्यावरचा राग कोणाजवळ काढू?

मागच्या रविवारी मी बाळापूरला गेले होते, सुशीलाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून. सुशीला चुलीपुढून उठताना म्हणाली, "वयनी, गुडघे लय धरून राह्यले." पण थोड्या वेळानं तीच सुशीला माळवदावरचे पापड काढायला जिना भराभर चढली. गुडघे दुखणारी बाई अशी चढते का? खाली येऊन तिनं परात ठेवली, भिंतीला टेकली आणि हात पोटावर दाबून धरला. तुम्ही धरायच्या तसा. मला तुम्हीच दिसलात.

मी सतरंजीवर खेळले होते तसं काही खेळले नाही. तिच्यासमोर बसले आणि सरळ म्हटलं, "सुशीला, तुझ्या आईचे गुडघेही असेच दुखायचे."

ती रडायला लागली. पोरीचं लग्न पार पडू द्या, मग दाखवते, म्हणत होती. तिचे मालक, तुमचे जावईबापू, मध्ये पडले, पाहुणे काय म्हणतील म्हणाले. मी म्हटलं, लग्न पुढे ढकलता येतं, हे ढकलता येत नाही. पाहुण्यांकडे मी स्वतः गेले. नवरदेवाची आई समजूतदार निघाली. तिनंच बैलगाडीत गादी घालून दिली.

सुशीलाला फार भीती वाटते आहे. मघाशी तिनं माझा हात धरून विचारलं, काही वाईट निघालं तर मला सांगाल ना वयनी, की सगळे मिळून लपवाल? तुमचा लेक आला की म्हणेल, तिला नको सांगू, धीर सुटेल. जावईबापूही तेच म्हणतील. मला त्यांची समजूत काढावी लागेल.

मी शाळेतून रजा घेतली आहे. सुशीला आपल्या पायांनी चालत बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि उद्या डॉक्टर जे सांगतील, चांगलं असो की वाईट, ते मी तिच्या उशाशी बसून तिला आधी सांगेन, मग बाकीच्यांना. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची सून,
शांता